तिच्या नावाची हजेरी

ती पहाटे गेली, आणि घरी कळायला दहा वाजून गेले. मधला वेळ इस्पितळाच्या कागदांत गेला. धाकटी लेक तिथेच मदतनीस आहे. तिने मला बाकावरून उठवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा. दादाला मी फोन करते, तो टेम्पो घेऊन इकडे येईल. पण वहिनीला तुम्ही समोर जाऊन सांगा." मी चालत निघालो. बस मिळत होती. बसने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

गल्लीत वळलो तर आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. तेव्हा लक्षात आलं, आज हप्त्याचा वार. बायकांचा कर्जाचा गट आमच्याच बाहेरच्या खोलीत बसतो. माझी बायको गटाची प्रमुख होती म्हणून, आणि आमच्याकडे बसायला पोती असतात म्हणूनही. फाटकी पोती विकत घ्यायची, धुवायची, दाभणाने शिवायची आणि धान्याच्या व्यापाऱ्यांना परत विकायची, हा तिचा धंदा. ताप छातीत उतरला म्हणून दोन दिवसांपूर्वी तिला नेलं होतं. परत येईल असंच सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

अंडेवाली दारातच बसली होती. तिची टोपली बाहेर कट्ट्यावर झाकून ठेवलेली असते आणि तिचं निम्मं लक्ष तिकडे असतं, म्हणून दारातली जागा तिची. मला बघून ती हसली.

"या भाऊजी. कशा आहेत आमच्या प्रमुखबाई? त्यांना सांगा, हप्ता भरलाय आम्ही तुमचा. सगळ्यांनी थोडं थोडं काढून. आणि हजेरीपण लावलीय."

"सर नाव घेत होते," इस्त्रीवाली म्हणाली, "आणि हिने मागून आवाज काढला. हुबेहूब त्यांचा. 'हजर!' सरपण फसले."

"फसलो नाही हो," हप्ते गोळा करायला येणारे सर म्हणाले. "फसल्यासारखं केलं."

सगळ्या हसल्या. सून चहाचा ट्रे घेऊन आतून येत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ट्रे तिथेच खाली ठेवला.

मी म्हणालो, "ती गेली."

"कुठे गेली?" मागच्या एकीने विचारलं.  अंडेवालीचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. सरांच्या हातात फोन होता, हजेरी त्यातूनच वर गेलेली. त्यांनी तो खिशात घातला, परत काढला, परत घातला. मग सून पुढे आली, माझा हात धरून मला आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर मग सगळ्या एकदम रडायला लागल्या.

हजेरीचं एवढं काय, ते सांगायला हवं. गटात एकीचं कर्ज म्हणजे सगळ्यांचं कर्ज. एक चुकली तर बाकीच्यांनी भरायचं. एक गैरहजर राहिली तर ठपका सगळ्यांवर, आणि पुढचं कर्ज लांबतं. इस्त्रीवालीचं कर्ज मंजूर होऊन आलं होतं, नुसतं हातात पडायचं होतं. कोळशाच्या धुराने ती खोकून खोकून अर्धी झाली होती, तिला गॅसवरची इस्त्री घ्यायची होती. आणि आमची ही गट सुरू झाल्यापासून एकदाही गैरहजर नव्हती. गोदामात माझ्या पायावर थप्पी कोसळली त्या दिवशीही तिने आधी हजेरी दिली, मग इस्पितळात आली. मी रागावलो होतो. ती म्हणाली, "तुमचा पाय कुठे पळून जाणार होता?" अशा बाईच्या नावापुढे गैरहजर लागू नये म्हणून अंडेवालीने आवाज दिला. काही वाईट हेतू नव्हता. सरांनीही म्हणूनच ते चालू दिलं.

मला कोणी विचारलं, की या कर्जांनी तुमची गरिबी गेली का, तर मला नीट सांगता येत नाही. पहिल्या कर्जात तिने पोती घेतली. दुसऱ्यात घरावरचे पत्रे बदलले. एका कर्जावर धाकटी शिकली. एक कर्ज तर नुसतं माझ्या पायात गेलं. एक संपलं की दुसरं. कर्जातून आम्ही कधी बाहेर आलो नाही, हे खरं आहे. त्याआधी माझी जुनी नोकरी गेली तेव्हा आम्ही दारोदार उसने मागत फिरलो आणि लोक आम्हाला बघून दार लावून घ्यायचे, हेही खरं आहे. सून या घरात आली ती हप्त्यांच्या काळात. तिने फक्त एवढं पाहिलं की हप्त्याच्या आदल्या दिवशी फोडणीत तेल कमी पडतं. सासूसुनेत यावरून फार वाजायचं. "मी मरेन पण त्या पोत्यावर बसणार नाही," सून म्हणायची. "तू कशाला मरतेस," ही म्हणायची, "मी आहे ना बसायला."

शेवटचं कर्ज सगळ्यात मोठं. थोरला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायला तिने ते काढलं. जुनाच टेम्पो. पण त्या दिवशी तिने त्यात बसून गल्लीतून एक फेरी मारून घेतली आणि उतरल्यावर म्हणाली, "सीटचं पोतं शिवायला झालंय."

*

तिला पोचवून आल्यावर सरांनीच सांगितलं होतं, की कर्जाबरोबर विमा असतो, कर्ज घेणारी गेली की राहिलेलं माफ होतं. इस्पितळाचा दाखला तेच घेऊन गेले. थोरल्याने ते ऐकलं आणि तो पहिल्यांदा जेवला.

मग एका संध्याकाळी सर आले. हप्त्याचा वार नव्हता. हेल्मेट मांडीवर घेऊन पोत्याच्या गठ्ठ्यावर बसले आणि चहा नको म्हणाले. त्यांनी आमच्या घरी चहाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

"काका, विम्याचं परत आलंय."

"म्हणजे?" थोरला म्हणाला. तो नुकताच भाडं सोडून आला होता, हात पुसत होता.

"दाखल्यावर पहाटेची वेळ आहे. आमच्याकडे त्या दिवशी दहा वाजता मावशी हजर आहेत. वरचे साहेब म्हणाले, या दोनातलं एक खोटं आहे. कुठलं ते लिहून आणा."

"मग लिहा की. हजेरी खोटी आहे."

"लिहीन. पण कोणी दिली तेही लिहावं लागेल. मग गट बंद. वर्षभर एकीलाही कर्ज मिळणार नाही. इस्त्रीवाल्या मावशींचं आलेलं कर्जसुद्धा मागे जाईल." सरांनी हेल्मेट फिरवलं. "आणि मी... माझं राहू द्या. माझं मी बघीन."

"तुमचं लग्न ठरलंय ना?" सून आतून म्हणाली.

"हो."

"मग काय बघाल?"

सरांनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि परत सोडला.

"आणि नाही लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर विमा नाही. कर्जाला जामीन तुम्ही आहात, काका. तुमच्या नावावर येईल. तुम्ही नाही भरलं तर गटावर."

थोरला जागच्या जागी दोन फेऱ्या मारून आला. खोली एवढीच आहे की दोन पावलांत भिंत येते. मग तो धाकटीकडे वळला. ती ड्यूटीवरून येऊन दारात सँडल काढत होती.

"तुझी ओळख आहे ना तिथे?"

"कशाला?"

"दाखल्यावरची वेळ. पहाटेची दुपार करायची. एवढंच. कोणाचं काही जात नाही. गट राहील, सर राहतील, कर्ज माफ होईल. कारकुनाला काय द्यायचं ते मी देतो."

धाकटीने दुसरी सँडल काढली आणि दोन्ही नीट भिंतीशी लावल्या. मग म्हणाली, "दादा, तू दमलायस. जेव आणि झोप."

"मी दमलेलो नाही. मी विचारतोय."

"मग ऐक. ती गेली तेव्हा मी तिथे होते. तू भाडं घेऊन बाहेर होतास. बाबा गरम पाणी आणायला खाली गेले होते. तिचा हात माझ्या हातात होता आणि समोर भिंतीवर घड्याळ होतं. मला आणखी काही मिळालेलं नाही. ती वेळ मी बदलू देणार नाही. कोणालाच. तुला नाही, तुझ्या कारकुनालाही नाही."

"वेळ घेऊन काय चाटायचीय? कर्ज कोण फेडणार, तू?"

"लागलं तर मी."

"पगार बघ आणि बोलणं बघ!"

"तुझा टेम्पो बघ आणि माझा पगार बघ. आईने माझ्यासाठी शेवटचं कर्ज कधी काढलं होतं सांग."

"अगं ए," मी म्हणालो. ते थांबले. मी मुलांना कधी फार ओरडलो नाही. ते काम तिचं होतं. माझं 'अगं ए' ऐकून ते थांबले ते भीतीने नाही, त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

सर उठले. दारात म्हणाले, "पुढच्या हप्त्याच्या दिवशी मला काहीतरी द्यावं लागेल वर." सून त्यांच्यामागे बाहेर गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात दिलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "बिस्किटं. चहा नाही म्हणाला तरी पोटात काही नसेल त्याच्या."

*

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुनेने सांगितलं तसं लिहितो.

दुसऱ्या दिवशी ती नळावर पोती धुवायला गेली. व्यापाऱ्याचा माल अर्धा राहिला होता आणि पोती कुबट वासाने घर भरून टाकतात, म्हणून गेली, असं ती म्हणते. तिथे अंडेवाली आली.  नुसतीच एक टोक धरून पिळायला लागली. भिजलेलं पोतं एका बाईला पिळत नाही.

"तुझा नवरा काल माझ्या दारावरून गेला," अंडेवाली म्हणाली. "बघितलं पण नाही माझ्याकडे. लहानपणी माझ्या टोपलीतलं फुटकं अंडं त्याचं ठरलेलं असायचं."

"ते सध्या कोणाकडेच बघत नाहीत. आरशातपण नाही. दाढी बघा."

"सर बोलले मला. मी सांगणार आहे. हप्त्याच्या दिवशी सगळ्यांसमोर. आवाज माझा होता, नाव माझं लिहा. माझ्या तोंडाने गेलं, माझ्या तोंडाने परत येऊ दे."

"आणि मावशींची इस्त्री?"

अंडेवालीने पोतं सोडलं. "ती मला काही बोलत नाही गं. परवा समोर बसून खोकली, पण बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

सून म्हणते, तिला तेव्हा सासूची आठवण आली, पण रडू नाही आलं, राग आला. ही बाई आयुष्यभर सगळ्यांचं ओढत राहिली, आणि गेली तेव्हाही असं गाठोडं ठेवून गेली की ते सोडवायला सुनेला नळावर यावं लागलं. तिने अंडेवालीला विचारलं, "तुम्ही का आवाज दिलात? मस्करी म्हणून?"

"मस्करीच. आणि..." अंडेवाली थांबली. "त्या दिवशी ती नव्हती, तर खोलीत बसवेना. सरांनी नाव घेतलं, आणि सगळ्या तिच्या जागेकडे बघायला लागल्या. ती शांतता मला नको होती. मला काय माहीत ती कायमची आहे."

मग दोघींनी मिळून सगळी पोती पिळली. जाताना सून म्हणाली, "हप्त्याच्या दिवशी माझ्या आधी तोंड उघडू नका."

"तू? तू येणार बैठकीला? तू तर मरणार होतीस ना त्या पोत्यावर बसण्याआधी?"

"बघू," सून म्हणाली. "आधी बसते, मग मरायचं का ते ठरवू."

*

हप्त्याच्या दिवशी सकाळी थोरला टेम्पो घेऊन गेला नाही. दारात लावून आत बसून राहिला. मी बाजूच्या सीटवर जाऊन बसलो. सीटवरचं पोतं तिने शिवलं होतं. टाके एवढे पक्के की रेक्झिनला लाज वाटावी.

"भाडं नाही आज?" मी विचारलं.

"आहे. अकराला."

गल्लीतून बायका यायला लागल्या होत्या. चपला काढून आत जात होत्या. इस्त्रीवालीचा खोकला कोपऱ्यापासून ऐकू येत होता.

"बाबा, तुम्हीपण म्हणाल मला पैशाची पडलीय."

"नाही म्हणत."

"पैशाचं नाहीच. म्हणजे पैशाचं आहेच, नाही कसं. पण ते नाही." त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. "तिने माझ्यासाठी घेतलं. रोज खाली बसून ती पोती शिवायची आणि मी यात बसून फिरायचो. महिन्याला मी देत होतो तिला, जमेल तेवढं. उरलेलं ती कुठून भरायची मी विचारलं नाही. ताप होता तरी शिवत होती. मला वाटलं, माफ झालं तर... ती फेडता फेडता गेली असं तरी होणार नाही."

 मला बोलता आलं असतं तर त्याच्या आईने एवढी बडबड कशाला केली असती. शेवटी म्हणालो, "ती पोती तुझ्यासाठी शिवत नव्हती."

"मग?"

"तिला आवडायचं. फाटलेलं घ्यायचं आणि धड करून द्यायचं. तू नसतास तरी शिवत बसली असती. मला म्हणायची, माणसं शिवता येत नाहीत म्हणून पोती शिवते." हे मात्र ती खरंच म्हणायची, माझा पाय मोडला तेव्हापासून.

थोरला हसला. मग त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान असतानाही मी असंच करायचो, कारण दुसरं काय करायचं मला कळायचं नाही.

तेवढ्यात मागून धाकटी आली. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल. तिने खिडकीतून आत डोकावलं. "दोघं काय लपून बसलात? आत सगळ्या जमल्यात. आणि वहिनी आईच्या जागेवर बसलीय. बघायला चला, परत बघायला मिळायचं नाही."

*

आम्ही दारात उभे राहिलो. पुरुषांनी बैठकीत बसायचं नाही असा काही नियम नाही, पण कोणी बसत नाही. सून भिंतीशी बसली होती. तिच्या जागेवर नव्हे, धाकटीने जरा वाढवून सांगितलं होतं. जागेच्या बाजूला. ती जागा मोकळी होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

सरांनी फोन काढला. नावं घ्यायच्या आधीच अंडेवाली उठली. "सर, मला काही सांगायचंय."

"बसा," सून म्हणाली.

"नाही गं, मला—"

"मी काय सांगितलं होतं नळावर? बसा."

अंडेवाली बसली. तिला असं बसवताना मी आजवर एकाच बाईला पाहिलं होतं.

सून सरांना म्हणाली, "विम्याचं आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला माफी नको. सासूबाई गेल्या, टेम्पो गेलेला नाही. तो दारात उभा आहे आणि अकराला त्याला भाडं आहे. जोवर तो चालतोय तोवर हप्ता चालेल."

"अगं, पण तुझ्या नवऱ्याला—" इस्त्रीवाली म्हणाली आणि खोकायला लागली.

"नवऱ्याचं मी बघीन."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. थोरला उंबऱ्यात होता. चपला काढायला वाकला, त्याला वेळ लागला. मग आत आला, बायकांच्या मागे एका पोत्यावर मांडी घालून बसला आणि खिशातून पैसे काढले.

"आजचा हप्ता," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी भरला होता, तोपण."

"तो घेणार नाही," अंडेवाली म्हणाली.

"घ्या की. ते तर भरायचेच नव्हते. ती गेली होती तेव्हा."

"म्हणूनच घेणार नाही. आम्ही तिच्यासाठी भरले. ती गेली होती का होती, ते आम्हाला माहीत नव्हतं. तू ते परत देऊन काय आमचं केलेलं न केल्यासारखं करतोस?" आणि मग एकदम, "दाढी कर रे जरा. टोपलीतली अंडी घाबरतील."

खोलीत कोणीतरी हसलं, मग सगळ्या. थोरल्याने एकाच हप्त्याचे पैसे पुढे केले आणि बाकीचे परत खिशात ठेवले. इस्त्रीवाली त्याच्यापुढेच बसली होती. तिने मागे न बघता हात मागे केला आणि त्याचा गुडघा थोपटला. 

धाकटी माझ्या बाजूला उभी होती. तिने भावाकडे बघितलं आणि हळू म्हणाली, "पगारातून मीपण देईन त्याला. सांगू नका. माझ्यावर उपकार केल्यासारखा घेईल." मग डोळे चोळत आत झोपायला गेली. त्या भावंडांचं एवढ्याने मिटलं असं मी म्हणणार नाही. कारकुनाचं बोलणं ती विसरलेली नाही आणि तिचं टेम्पोचं बोलणं तो.

बैठक संपल्यावर चपला कमी झाल्या. थोरला भाड्यावर गेला. सर थांबले. आज त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून. इस्त्रीवालीचं कर्ज येत्या हप्त्याला हातात देतो म्हणाले. सुनेला गटात घ्यायला काही आठवडे बैठकीला यावं लागेल, मग तिचं नाव चढेल. प्रमुख कोण, ते बायका ठरवतील. त्यावरून आत्ताच दोन तट पडले आहेत, अंडेवाली नको म्हणणारे आणि अंडेवालीच पाहिजे म्हणणारे. पहिल्या तटात अंडेवाली स्वतः आहे.

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. विमा नको आणि राहिलेलं कर्ज माझ्या नावावर घ्या, असा. तिचं नाव वर छापलेलं होतं. त्यापुढे रिकामी जागा, तिथे 'मयत' असं मी माझ्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची.

"घाई नाही काका," सर म्हणाले. "तोवर हप्ता त्यांच्याच नावावर जमा होत राहील. फक्त फार उशीर नको."

मी म्हणालो, ठेवा. त्यांनी तो फळीवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर कप ठेवला. सुनेने नंतर कप उचलला आणि त्या जागी डबा ठेवला. त्यानंतर थोरल्याने आईच्या नावावर आणखी दोन हप्ते भरले. सून रोज कागदाकडे बघते आणि डबा पुसून परत वर ठेवते. पेन माझ्या खिशात असतं. सही अजून करायची आहे.